वर्गाची हवा आणि जीवशास्त्राचा अभ्यास



मी एक सेवानिवृत्त शाळामास्तर आहें. माझें स्वतःचें शिक्षण मॅट्रिकपर्यंत झालें. पुढें शिक्षकी पेशास लागणारी पदविका घेतली, आणि पस्तीस वर्षांहून अधिक काळ लहान गांवांतील शाळांतून पांचवी ते सातवीच्या मुलांस सामान्य विज्ञान शिकविलें. ह्या विज्ञानाचा मोठा भाग जीवशास्त्राचाच असतो: वनस्पति, प्राणी, आपलें शरीर, अन्न आणि आरोग्य. तेव्हां आजच्या विषयावर बोलावयास माझ्याजवळ विद्वत्तेचा अधिकार नाहीं. आहे तो अनुभवाचा, आणि त्या अनुभवांतहि यशापेक्षां चुकांचाच वांटा मोठा आहे.

वर्गांतील वातावरण आणि जीवशास्त्रांतील विद्यार्थ्यांची प्रगति यांचा परस्परांशीं संबंध काय, हा आपला आजचा प्रश्न. वातावरण म्हटलें कीं रंगविलेल्या भिंती, टांगलेले तक्ते आणि कांचेचें कपाट आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें. तपासणीसाठीं वरिष्ठ यावयाचे असले म्हणजे आम्हीहि तेवढेंच सजवीत असूं. परंतु प्रत्येक वर्गाला दोन प्रकारची हवा असते. एक नाकानें घ्यावयाची. तींत उजेड, वारा, बसावयाची जागा हें सारें आलें. दुसरी मनानें घ्यावयाची. प्रश्न विचारला तर गुरुजी रागावतील कीं आनंदतील, चुकलें तर सोबती हंसतील कीं मदत करतील, हें मुलाला वर्गांत पाऊल ठेवतांच कळतें; तें कोणी सांगावें लागत नाहीं. ह्या दोन्ही हवा अभ्यासावर परिणाम करतात. त्यांतील दुसरीकडे आमचें लक्ष फार थोडें जातें, आणि जीवशास्त्राला तर तीच अधिक लागते.

प्रथम माझी एक चूक सांगतों, कारण पुढील सर्व विवेचनाचें मूळ तींतच आहे. सहावीच्या वर्गांत फुलाचे भाग शिकवावयाचे होते. मीं मुलांस घरून जास्वंदीचें फूल आणण्यास सांगितलें व भिंतीवर तक्ता लावला. तक्त्यावर जास्वंदीच्या पांच पाकळ्या होत्या, पुस्तकांतहि पांचच होत्या. एका मुलीच्या परसांत भरगच्च, गेंदेदार जास्वंद होती. तिनें तेंच फूल आणलें. तिनें फुलाकडे पाहून चित्र काढलें, आणि पाकळ्यांच्या पुढें ‘एकवीस’ असा आंकडा लिहिला. मीं ती वही सगळ्या वर्गाला उंच धरून दाखविली आणि विचारलें, “पुस्तकांत पांच आहेत, तक्त्यावर पांच आहेत, तुला एकवीस कोठून दिसल्या?” वर्ग हंसला. ती हळूच म्हणाली, “गुरुजी, मोजल्या.” उलट बोलूं नकोस, असें मीं तिला बजावलें आणि त्या चित्रावर तांबडी रेघ ओढली.

त्यानंतर त्या मुलीच्या वहींत चूक म्हणून झाली नाहीं. ती तक्त्यावरून चित्रें उतरवूं लागली. तिला गुणहि चांगले पडत. परंतु तिनें वर्गांत पुन्हां प्रश्न विचारला नाहीं, आणि परसांतलें कांहीं उचलून शाळेंत आणलेंहि नाहीं. पुढें कांहीं वर्षांनीं मला कळलें कीं गेंदेदार जास्वंदींत जे पुंकेसर असावयाचे, त्यांतील पुष्कळांचें रूपांतर पाकळ्यांसारख्या भागांत झालेलें असतें. साध्या जास्वंदीच्या मध्यभागीं पुंकेसरांची जी नळी स्पष्ट दिसते, ती गेंदेदार फुलांत म्हणूनच मोडलेली किंवा पाकळ्यांत लपलेली आढळते. म्हणजे त्या मुलीनें मोजलेला एकवीस हा आंकडा ही चूक नव्हती. एक अवयव दुसऱ्या अवयवाचें रूप कसें घेतो, ह्या जीवशास्त्रांतल्या मोठ्या गोष्टीचें तें दार होतें. तें तिनें उघडलें होतें आणि मीं लावून घेतलें. मला तें समजलें तोंवर ती सातवी होऊन शाळेंतून गेली होती.

येथें कोणी विचारील कीं असें नुकसान तर कोणत्याहि विषयांत होऊं शकेल. जीवशास्त्राचेंच नांव कां घ्यावें? त्याचें कारण त्या विषयाच्या स्वभावांत आहे. सात आठे छप्पन हें मुंबईसहि खरें आणि मेळघाटांतहि खरें. परंतु जीवसृष्टींत एका झाडाचीं दोन पानें तंतोतंत सारखीं नसतात. पुस्तकांतील आकृति ही नमुन्याची आकृति असते. प्रत्यक्षांतला जीव तिच्याहून थोडाफार निराळा असावयाचाच. आणि हा निराळेपणा म्हणजे जीवशास्त्रांतला दोष नव्हे, तो त्या शास्त्राचा गाभा होय. १८५९ सालीं प्रसिद्ध झालेला डार्विनचा सिद्धांत ह्याच निराळेपणाच्या पायावर उभा आहे. ज्या वर्गांत पुस्तकाहून वेगळें दिसणें हा अपराध ठरतो, त्या वर्गांत गुण मिळतील. पण जीवशास्त्र मुळाशींच वाळून जाईल.

आतां ह्या विषयाचा पद्धतशीर अभ्यास करणाऱ्यांनीं काय पाहिलें तें थोडक्यांत सांगतों. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेंत हर्बर्ट वॉलबर्ग व रूडॉल्फ मूस यांनीं स्वतंत्रपणें एक साधा मार्ग काढला. वर्गाची हवा कशी आहे हें बाहेरच्या तपासनिसास न विचारतां, त्या हवेंत रोज बसणाऱ्या मुलांनाच प्रश्नावली देऊन विचारावयाचें. पुढें ऑस्ट्रेलियांत बॅरी फ्रेझर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं विज्ञानाच्या प्रयोगशाळेसाठीं निराळी प्रश्नावली तयार केली. तींत पांच गोष्टी विचारल्या आहेत: मुलांचा परस्परांशीं मेळ आहे काय, स्वतःच्या कल्पनेनें प्रयोग करण्यास मोकळीक आहे काय, वर्गांत शिकलेलें व प्रयोगांत केलेलें यांची सांगड आहे काय, नियम स्पष्ट आहेत काय, आणि साहित्य व जागा पुरेशी आहे काय. सहा देशांतील पांच हजारांहून अधिक विद्यार्थ्यांस ही प्रश्नावली देण्यांत आली. त्यांत असें आढळलें कीं सर्व ठिकाणीं मोकळीक हीच सर्वांत तोकडी असते. उत्तर आधींच ठरलेले प्रयोग मुलें करतात. दिसलें नाहीं तरी दिसल्याचें लिहितात.

जीवशास्त्राच्या वर्गांचाच खास अभ्यास ऑस्ट्रेलियांतील टास्मानिया राज्यांत झाला व तो २००० सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत वरच्या इयत्तांचे २८ वर्ग व ४८९ विद्यार्थी होते. वर्गाच्या वातावरणाचा संबंध मुलांच्या विषयाच्या आवडीशीं अधिक बळकट, आणि ज्ञानाच्या व प्रयोगकौशल्याच्या परीक्षेशीं त्या मानानें सौम्य, असें त्यांत दिसलें. हा निष्कर्ष मला प्रामाणिक वाटतो. हवा बदलली कीं पुढच्याच चाचणींत गुण दुप्पट होतील, असें आश्वासन कोणी देऊं नये. प्रथम बदलते ती आवड. आणि विषय आवडला तर मूल तो परीक्षेनंतरहि सोडीत नाहीं. शिवाय असल्या अभ्यासांत आणखी एक सावधगिरी बाळगावयास हवी. दोन गोष्टी बरोबर आढळल्या म्हणून एक दुसरीचें कारण ठरत नाहीं. कोंबडा आरवतो म्हणून उजाडत नाहीं. जेथें वर्ग हवेशीर व साहित्य पुष्कळ, तेथें पालकहि बहुधा सुस्थितींतले असतात. गुणांतला किती वांटा वर्गाचा व किती घरचा, हें वेगळें करणें सोपें नाहीं.

नाकानें घ्यावयाच्या हवेकडेहि दुर्लक्ष करून चालणार नाहीं. इंग्लंडांत २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत २७ प्राथमिक शाळांतील १५३ वर्ग तपासले गेले. वाचन, लेखन व गणित यांत मुलांची वर्षभरांत जी प्रगति झाली, तींतील फरकांपैकीं सुमारें १६ टक्के फरक वर्गखोलीच्या रचनेशीं निगडित आढळला. उजेड, उष्णता व हवा हीं त्यांत प्रमुख होतीं. तो अभ्यास जीवशास्त्राचा नव्हता हें खरें. परंतु डोळे ताणून फळा वाचणारें, घामानें भिजलेलें मूल कोणताच विषय नीट शिकणार नाहीं. आणि ही हवा तर जीवशास्त्राचाच पाठ आहे. बाहेरच्या हवेंत कार्बन डायॉक्साइड वायूचें प्रमाण शंभरांत सुमारें ०.०४ भाग असतें. आपल्या उच्छ्वासांत तें सुमारें ४ भाग, म्हणजे शंभरपट, असतें. खिडक्या लावलेल्या खोलींत पन्नास मुलें बसलीं म्हणजे तास संपतां संपतां डोळ्यांवर झांपड कां येते, ह्याचा विचार त्याच मुलांकडून करवावा. चुन्याच्या निवळींत नळीनें हळूच फुंकर घातली कीं ती पांढरी होते. हा प्रयोग करावा आणि मग खिडक्या उघडावयास सांगावें. श्वसनाचा धडा व वर्गाची सुधारणा एकाच वेळीं होते.

भिंतीवरच्या सजावटीविषयीं मात्र एक इशारा दिला पाहिजे. अमेरिकेंतील कार्नेगी मेलन विद्यापीठांत २०१४ सालीं एक छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला. बालवर्गांतील २४ मुलांना विज्ञानाचे सोपे पाठ कधीं चित्रांनीं गच्च भरलेल्या खोलींत, तर कधीं साध्या खोलींत दिले. साध्या खोलींत मुलांचीं सरासरी ५५ टक्के उत्तरें बरोबर आलीं. भरलेल्या खोलींत ४२ टक्के. मुलें लहान व संख्या थोडी, म्हणून ह्यावरून सरसकट नियम करूं नये. तरीपण भिंतीची एक इंचहि जागा मोकळी न ठेवणें म्हणजे चांगलें वातावरण, ही आमची समजूत तपासून पाहण्याजोगी आहे. दहा तक्त्यांपेक्षां खिडकींत ठेवलेली एक बरणी अधिक शिकविते.

ती बरणी मीं पुढें ठेवूं लागलों, म्हणून तिची हकीकत सांगतों. लिंबाच्या किंवा कढीलिंबाच्या पानांवर एका फुलपाखराचे सुरवंट सांपडतात. लहानपणीं ते पक्ष्याच्या विष्ठेसारखे दिसतात. मोठे झाले म्हणजे पानासारखे हिरवे होतात. असला एक सुरवंट बरणींत ठेवावा, तोंडास जाळीदार कापड बांधावें, रोज ताजीं पानें घालावीं. अंड्यापासून फुलपाखरूं होण्यास साधारणतः तीन-चार आठवडे लागतात. ह्या काळांत मुलें रोज दाराशीं चप्पल काढतांच आधीं बरणीकडे धांवत. त्याचा रंग कां बदलला, कोश हलतो तेव्हां आंत काय होत असेल, फुलपाखरूं बाहेर आल्यावर लगेच कां उडत नाहीं, असे प्रश्न येत. त्यांतील निम्म्यांचीं उत्तरें मला येत नसत. आरंभीं मला ह्याची लाज वाटे. नंतर लक्षांत आलें कीं “मलाहि ठाऊक नाहीं, आपण पाहूं या” हें वाक्य मास्तरच्या तोंडून ऐकलें कीं मुलांची भीड जितकी चेपते, तितकी दुसऱ्या कशानें चेपत नाहीं.

मनाच्या हवेचें मोजमाप करतां येतें काय? एका बाईंनीं तें घड्याळानें केलें. अमेरिकेंतील मेरी बड रो यांनीं विज्ञानाच्या वर्गांतील संभाषणें ध्वनिमुद्रित करून तपासलीं व आपले निष्कर्ष १९७४ सालीं मांडले. शिक्षक प्रश्न विचारतात आणि उत्तरासाठीं सरासरी एक सेकंदच थांबतात. तेवढ्यांत उत्तर न आलें तर दुसऱ्याकडे वळतात किंवा स्वतःच सांगून टाकतात. हा अवकाश तीन सेकंद किंवा अधिक केला, तेव्हां मुलांचीं उत्तरें लांब झालीं, गप्प बसणारीं कमी झालीं, मुलें आपणहून बोलूं लागलीं, आणि ज्यांना मंद म्हणून बाजूस सारलें होतें त्यांचीहि उत्तरें येऊं लागलीं. तीन सेकंदांस पैसा लागत नाहीं, शासनाची मंजुरी लागत नाहीं. मास्तरानें मनांत एक, दोन, तीन म्हणावयाचें, इतकेंच. माझा अनुभव असा कीं आरंभीं ते तीन आंकडे फार लांब वाटतात.

सोबत्यांशीं मेळ हीहि वातावरणाची एक बाजू मीं वर सांगितली. तिचें एक थोर उदाहरण आपल्याच देशांत आहे. आचार्य जगदीशचंद्र बोस यांना त्यांच्या वडिलांनीं इंग्रजी शाळेंत न घालतां बंगाली शाळेंत घातलें. तेथें त्यांच्या एका बाजूस वडिलांच्या मुसलमान चपराशाचा मुलगा व दुसऱ्या बाजूस कोळ्याचा मुलगा बसत असे. त्या मुलांकडून ऐकलेल्या पशुपक्ष्यांच्या व जलचरांच्या गोष्टींनीं आपल्या मनांत निसर्गाचें कुतूहल जागें केलें असावें, असें त्यांनीं १९१५ सालच्या एका भाषणांत सांगितलें. आपल्या वर्गांतहि धनगराचा, कोळ्याचा, ऊसतोडणी कामगाराचा मुलगा असतो. जनावरांचे रोग, माशांच्या वेळा, पिकावरची कीड यांचें ज्ञान त्याच्यापाशीं असतें. त्याला मागच्या रांगेंत बसवून आपण त्याच्याहून कमी पाहिलेलें पुस्तक त्याला वाचावयास देतों. त्यालाच फळ्याजवळ बोलावलें तर त्याचें यश वाढेल, आणि बाकीच्यांचेंहि वाढेल.

हें सारें एक-दोन हौशी मास्तरांपुरतेंच शक्य आहे, असा आक्षेप येईल. त्याला उत्तर मध्य प्रदेशांत मिळालें. किशोर भारती व फ्रेंड्स रूरल सेंटर ह्या दोन संस्थांनीं १९७२ सालीं होशंगाबाद जिल्ह्यांतील १६ शाळांत सहावी ते आठवीसाठीं विज्ञानशिक्षणाचा नवा कार्यक्रम सुरू केला. ह्या जिल्ह्याचें नांव आतां नर्मदापुरम् आहे. मुलें चार-चारांच्या टोळ्या करून बसत, हातांनीं प्रयोग करीत, शेतांत व ओढ्याकांठीं फिरून पानें, फुलें, किडे गोळा करीत, आणि जें दिसलें त्यावर वाद घालून निष्कर्ष लिहीत. सवालीराम नांवाच्या एका काल्पनिक मित्रास ते पत्रें लिहून प्रश्न विचारीत, व त्यांस उत्तरें जात. १९७८ सालीं हा कार्यक्रम साऱ्या जिल्ह्यांत गेला. १९८२ सालीं स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेनें तो पुढें चालविला. २००२ सालीं राज्य शासनानें तो बंद केला.

ह्या कार्यक्रमांतली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट परीक्षेची आहे. मुलें लेखी परीक्षेस पुस्तक व वही उघडून बसूं शकत, आणि प्रत्यक्ष प्रयोगाचीहि परीक्षा होई. म्हणजे वर्गांत जें करावयास सांगितलें, तेंच परीक्षेंत मोजलें जाई. आमच्या बहुतेक शाळांत वर्गांत ‘पाहा’ म्हणावयाचें व परीक्षेंत ‘आठवा’ म्हणावयाचें, असा प्रकार चालतो. मग मुलें शहाणीं असतात. तीं पाहणें सोडून देतात. माझ्या त्या विद्यार्थिनीनें तेंच केलें. तिचे गुण वाढले आणि तिचें जीवशास्त्र संपलें. म्हणून वातावरणाचा विद्यार्थ्याच्या यशाशीं संबंध काय, असें विचारतांना यश कशास म्हणावयाचें हेंहि आधीं ठरविलें पाहिजे.

शेवटीं शिक्षकबंधूंस व भगिनींस चार सूचना करतों. वर्गांत एक तरी सजीव वस्तु असूं द्या. वालाचे दाणे, मुंग्यांचें वारूळ, ओल्या पावावरची बुरशी, कांहींहि चालेल. पाहून झालें कीं प्राणी त्याच्या जागीं सोडून द्या. चित्र प्रथम वस्तूवरून काढवा, पुस्तक मागाहून उघडा. आणि दोहोंत फरक आढळला तर त्या फरकावरच पुढचा पाठ घ्या. प्रश्न विचारून तीन आंकडे मोजा. आणि एक प्रश्नवही ठेवा, जींत कोणत्याहि मुलानें प्रश्न लिहावा व ज्याचें उत्तर आपणांस येत नाहीं तो खोडूं नये.

पालकांसहि एक विनंती आहे. मूल घरीं आलें म्हणजे “आज किती गुण मिळाले?” ह्याच्या आधीं “आज काय पाहिलेंस?” असें विचारा. वर्गाची हवा शाळेच्या दारापाशीं संपत नाहीं. ती घरून येते व घरीं जाते.

माझी प्रश्नवही मीं सेवानिवृत्त होतांना शाळेंतच ठेवली. तिच्या पहिल्या पानावर मीं स्वतः एक प्रश्न लिहिला होता: ‘सर्व जास्वंदींना पांचच पाकळ्या असतात काय?’ प्रत्येक वर्षीं सहावीचीं मुलें त्याचें उत्तर शोधावयास परसांत जात, आणि दरवर्षीं कोणी ना कोणी निराळा आंकडा घेऊन येई. तो आंकडा मी फळ्यावर लिहीत असें, आणि मग सर्वांनीं मिळून पुन्हां मोजावयाचें, असा आमचा शिरस्ता होता.